प्रार्थनेचा चौथा भाग

रविवारी सकाळी नऊ चाळीसला, उपासना सुरू असताना, मंडळीचे वडील मोतीराम तायडे यांनी शत्रूंसाठीच्या प्रार्थनेत प्रीतम बोर्डे यांचे नाव घेतले. प्रीतम बोर्डे पहिल्या बाकावर बसले होते.

अमरावतीच्या या जुन्या दगडी चर्चमध्ये इतरांसाठीची प्रार्थना मिशनरींच्या काळापासून चार भागांत होते: राज्यकर्ते, आजारी, प्रवासी आणि शत्रू. मंडळीतले वडील, म्हणजे निवडून दिलेले पंच, महिन्याच्या पाळीने ती करतात. पहिल्या तीन भागांत नावे घ्यायची रीत आहे. चौथा भाग बिननावाचा, एका दमात उरकतो, कारण तेवढ्यात दानाच्या थैल्या फिरायच्या असतात. डेंग्यूच्या साली कुणीतरी त्यात डासांचे नाव घेतले होते, तेवढाच अपवाद. शत्रूंवर प्रीती करायची हे सगळ्यांना बालपणापासून पाठ होते. शत्रू जाकीट घालून पहिल्या बाकावर बसलेला असेल, अशी तयारी मात्र कुणाची नव्हती.

प्रीतमभाऊ ठेकेदार, माजी नगरसेवक, एका इंग्रजी शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष आणि चर्चचे सर्वात मोठे दाते. महापालिकेच्या चालू निवडणुकीत उमेदवार. आपले नाव राज्यकर्त्यांत येणार म्हणून त्यांनी जाकिटाची वरची गुंडी लावून घेतली होती. ते तिथे आले नाही. मोतीराम सर भूगोलाचे निवृत्त शिक्षक. उमेदवाराला राज्यकर्ता म्हणणे म्हणजे ढगाला नदी म्हणणे, असे त्यांचे मत होते.

प्रकरण हातगाडीचे होते. नाताळच्या आधी चर्चच्या गेटाजवळची माणिकबाईची भाजीची गाडी महापालिकेच्या अतिक्रमण पथकाने मेथीसकट उचलून नेली. फोन प्रीतमभाऊंनी केला होता आणि तो केल्याचे ते स्वतःच कौतुकाने सांगत. माणिकबाईच्या सासूच्या काळापासून गाडी जिथे उभी राहायची तिथे आता पेव्हर ब्लॉक बसले, मंडळीच्या मोटारी उभ्या राहू लागल्या आणि ‘प्रभूच्या गौरवार्थ’ असा फलक लागला. फलकावर प्रभूचे नाव वर आणि प्रीतमभाऊंचा फोटो खाली होता, नम्रता तेवढीच.

मोतीराम सर घरी येताच त्यांच्या मुलीने विचारले. प्रणाली प्रीतमभाऊंच्याच शाळेत शिकवत होती. त्याआधी काही वर्षे तिने दर्यापूरला तासिकेवर काढली होती, रोज काळी-पिवळी जीपमध्ये पाचव्या माणसाच्या जागेवर सातवी बसून. कायम करण्याची तिची ऑर्डर अध्यक्षांच्या सहीसाठी थांबली होती.

“बाबा, मनातच घ्याचं होतं ना नाव. देवाले मनातलंबी ऐकू येते.”

“महिनाभर मनातच घेतलं. मनात घेतलं की शिवी येते. मोठ्यानं घेतलं तवाच प्रार्थना झाली.”

“अन् माही ऑर्डर?”

सरांनी त्याचा विचारच केला नव्हता, आणि हे मुलीला सांगण्यासारखे नव्हते.

सोमवारी संध्याकाळी प्रीतमभाऊ पाळकसाहेबांना घेऊन घरी आले. चहा झाला.

“सर, मी तुमचं काय घोडं मारलं?”

“भाऊ, प्रेम कराचं म्हणून नाव घेतलं.”

“मंग प्रेम करा ना. पण राज्यकर्त्यांत करा.”

“तिथं जागा नाही. निवडून या, घेतो.”

प्रीतमभाऊंनी थोडा विचार केला. “मंग आजाऱ्यांत घ्या. मले शुगर आहे. रिपोर्ट दाखवतो.”

पाळकसाहेबांचा चेहरा उजळला. “शास्त्राला धरून आहे, सर. खोटंही नाही. आजाऱ्यांत घ्या आणि शत्रूंमधून काढून टाका.”

“माणिकबाईची गाडी सोडवून आणा,” सर म्हणाले, “त्याच रविवारी काढतो.”

“ते बाई आपल्या मंडळीतली आहे काय?” प्रीतमभाऊंनी विचारले.

“नाही.”

“मंग तिच्यापायी आपल्या माणसाले दुश्मन करता? बरं, एक सांगा. तुमी तुमची स्कूटर कुठी लावता?”

सरांनी खिडकीतून स्कूटरकडे पाहिले.

“ब्लॉकवरच लावता ना. वॉचमन सीट पुसून देते म्हणे तुमची. पुसू द्या राजेहो, मी काई म्हणत नाही.”

पाळकसाहेबांनी जाताना प्रार्थना केली. ती फक्त प्रवाशांसाठी होती.

दुसऱ्या दिवसापासून सर चर्चला आले की स्कूटर शेजारच्या गल्लीत लावू लागले. त्याच गल्लीत आता माणिकबाई पोते अंथरून बसत होती. “सर, गाडी जराशी सरकवा,” ती म्हणाली. “गिऱ्हाईक येऊन राहिलं.” सरांनी स्कूटर सरकवली आणि तिला प्रार्थनेचे सांगितले. प्रीतमभाऊंसारखे आपल्यालाही आपण केलेले ऐकवावेसे वाटते आहे, हे त्यांच्या लक्षात आले. ते त्यांना आवडले नाही.

“मायं नाव घेतलं काय?”

“तुमचं नाही. त्याचं.”

“गाडी माही गेली अन् आशीर्वाद त्याले?”

“तसंच आहे ते.”

“न्याराच आहे बावा तुमचा देव,” माणिकबाई म्हणाली आणि मेथीची जुडी त्यांच्या पिशवीत टाकली. भाव नेहमीचाच लावला.

तोवर त्या प्रार्थनेची क्लिप गावभर झाली होती. चर्चची उपासना मोबाइलवर थेट दिसते. त्याचा कॅमेरा प्रीतमभाऊंनीच दान दिलेला, आणि चांगल्यापैकी आहे, आवाज स्वच्छ येतो. समोरच्या गटाचे उमेदवार नितेशभाऊ शाल आणि नारळ घेऊन सरांच्या दारात उभे राहिले. सोबत फोटोवाला होता.

“सर, सत्य बोलाले हिंमत लागते.”

“मी त्याच्यासाठी आशीर्वाद मागितला.”

“तेवढा भाग आमी कापला.”

सरांनी शाल घेतली नाही. पण शाल पुढे करतानाचा फोटो निघाला होता, आणि प्रचाराला तेवढा पुरतो. बुधवारपर्यंत मंडळीचे दोन तट पडले. प्रीतमभाऊंच्या तटाला आपल्या समाजाचा नगरसेवक हवा होता. दुसऱ्या तटालाही तो हवा होता, फक्त प्रीतमभाऊ नको होते. व्हॉट्सॲपवर दोन्हीकडून बायबलची वचने फेकली जाऊ लागली. क्षमेविषयीची जास्त होती आणि ती समोरच्याला उद्देशून होती. आणखी तिघा-चौघांनी सरांना बाजूला घेऊन आपापल्या शत्रूंची नावे सुचवली. एका बाईंनी सख्ख्या जावेचे सुचवले.

शुक्रवारी अकोल्याहून या भागातल्या सगळ्या मंडळ्यांचे अधीक्षकसाहेब आले. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, प्रीतमभाऊंच्या शेतावर जेवण घेतले आणि निर्णय दिला: निवडणुकीची आचारसंहिता असेपर्यंत प्रार्थनेचा चौथा भाग स्थगित. मतमोजणीनंतर तो पूर्ववत सुरू होईल.

“अन् तोपर्यंत शत्रूंचं काय कराचं, साहेब?” सरांनी विचारले.

“तोपर्यंत शांतता राखायची.”

शनिवारी प्रीतमभाऊंनी प्रणालीला फोन केला. ऑर्डरवर सही झाली आहे, उद्या उपासनेनंतर चर्चमध्येच हातात देतो, सगळ्यांसमोर. सरांना फक्त एवढे सांग, आजाऱ्यांत नाव घ्या आणि चौथ्या भागाआधीच आमेन म्हणा. नाही तर कागद माझ्या खिशात आहे, खिशातच राहील.

तिने निरोप शब्दशः सांगितला. “मी काई म्हणत नाही, बाबा,” ती म्हणाली. साडीला इस्त्री केली. मग पुन्हा बाहेर आली. “शुगर त्याले खरंच आहे. मी पाहिलं, तो गोळ्या घेते.”

“माहीत आहे.”

“जीपमध्ये मले उलटी होते, हेबी माहीत आहे ना?”

“माहीत आहे.”

रविवारी चर्च भरले होते. जे नाताळलाही येत नाहीत ते आले होते. अधीक्षकसाहेब वेदीजवळ बसले होते. प्रीतमभाऊ पहिल्या बाकावर, प्रणाली चौथ्या. महिना संपला नव्हता, म्हणून पाळी सरांचीच होती. ते उभे राहिले, डोळे मिटले. राज्यकर्त्यांत त्यांनी महापालिका आयुक्तांचे नाव घेतले. आजाऱ्यांत प्रीतम बोर्डे यांचे घेतले, आणि त्यांची साखर आटोक्यात यावी असे मागितले. ते मनापासून होते, हे जवळच्यांना ऐकू आले. पहिल्या बाकावरून मोठा आमेन आला. मग प्रवासी झाले.

मंडळी आमेन म्हणाली, सर म्हणाले नाहीत. थैल्या धरणारे उठले. पेटीवाल्याने सूर धरला. पाळकसाहेबांनी गीताचा क्रमांक सांगितला, थोडे थांबून पुन्हा सांगितला. प्रीतमभाऊंनी खिशावर हात ठेवला होता. सर अजून उभे होते, आणि त्यांनी डोळे उघडले नव्हते.