देवस्थळींचा अंतरपाट आणि सिनेमातले लग्न

विश्वनाथ देवस्थळी, त्यांचे चिरंजीव मोरेश्वर, मोरेश्वरांचे गुरुदत्त. या तिघांना मी बोहल्यावर उभे असलेले पाहिले आहे, आणि तिघांच्याही घशाला पडलेली कोरड मला ठाऊक आहे. गुरुदत्तांचा मुलगा सौमित्र. तो बोहल्यावर उभा राहिला नाही, पण त्याने मला ज्या दिवशी हाती धरले त्या दिवसाची हकिगत, मित्रांनो, आज तुम्हाला सांगतो. मी या घराण्याचा अंतरपाट आहे. लग्न लागताना वधू आणि वर यांच्यामध्ये धरतात आणि "शुभमंगल सावधान" म्हणताच बाजूला करतात, ते वस्त्र.

विश्वनाथरावांच्या वाग्दत्त वधूने कल्याणला माहेरी टकळीवर सूत काढले आणि एका विणकराने ते विणून दिले. मधोमध कुंकवाचे स्वस्तिक रेखले गेले. माझे पोत विरळ, पण वीण घट्ट. देवस्थळींच्या अंतरपाटाआड लागलेले लग्न मोडत नाही, अशी माझी ख्याती ठाण्यापर्यंत पसरली. शेजारीपाजारी मला मागून नेत, आणि परत देताना माझ्यासोबत खण-नारळ ठेवीत. मला त्याचा अभिमान होता. तो मी लपवणार नाही.

पुढे जरीने नावे भरलेले तयार अंतरपाट निघाले. गुरुदत्तांच्या एका पुतणीच्या लग्नात मला बाहेर काढले, हुंगले आणि "फोटोत पिवळा दिसेल" एवढे म्हणून बाजूला ठेवले. डोंबिवलीच्या घरात माळ्यावरच्या ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीने, मी पडून राहिलो. उपयोग संपलेल्या वस्तूला मरणही येत नाही. ही फार वाईट अवस्था असते.

तिथून मला सौमित्रने उचलले. बँकेतली नोकरी सोडून तो चित्रपट काढत होता, म्हणून गुरुदत्त त्याच्याशी बोलत नव्हते. प्रेमाची हलकीफुलकी गोष्ट होती. दिग्दर्शक तोच आणि नायकही तोच, कारण दुसरा नायक परवडणारा नव्हता. कॅमेरा समीक्षाकडे होता. तिने मला खिडकीवर कपड्यांच्या चिमट्यांनी टांगले आणि माझ्यातून गाळून आलेले ऊन नायिकेच्या, म्हणजे क्षिप्राच्या, गालावर पडलेले पाहिले.

"काय सॉफ्ट लाइट येतोय यार. कुठून उचललास हा कपडा?"

"माळ्यावरून. आईला सांगू नकोस."

लग्नाचे वस्त्र खिडकीला टांगलेले पाहून मला संताप आला होता. पण त्या मुलांचे काम पाहता पाहता तो ओसरला. त्यांची गोष्ट साधी होती. खोपटच्या आगारात एक मुलगी चुकीच्या एसटीत बसते आणि एक मुलगा रिक्षाने तिचा पाठलाग करतो. पाठलाग शीळफाट्याला घेतला, पण तिथे वाहने थांबवण्याची परवानगी कोण देणार? म्हणून तिथली कोंडी खरी, रिक्षावाल्याची कुरकुर खरी आणि क्षिप्राचा वैतागही खरा. एक फळवाली मध्येच येऊन "पोरी, सुट्टे आहेत का गं?" असे विचारून गेली. मोठ्या चित्रपटात तिला कापून टाकले असते. यांनी तिला ठेवले, आणि क्षिप्राने पर्स उघडून खरोखर सुट्टे शोधले. तो प्रसंग साऱ्या चित्रपटात मला सर्वांत गोड वाटतो.

उपासनी गुरुजीही असेच लाभले. गोष्टीतल्या भटजींच्या भूमिकेला नट मिळेना, म्हणून घरच्याच गुरुजींना त्यांनी विनवले. गुरुजी चित्रपटभर चहा प्यायले, छत्री विसरले, एकदा तर त्यांनी पायरीवरून घसरूनही दाखवले.

उरला होता शेवटचा प्रसंग, लग्नाचा. विठ्ठलवाडीच्या एका सभागृहात कुणाच्या तरी स्वागतसमारंभासाठी मांडव सजला होता. मांडववाल्या तानाजींनी ओळखीखातर दुपारपुरता तो वापरू दिला. दुसऱ्याच दिवशी क्षिप्रा नोकरीसाठी हैदराबादला जाणार होती, कायमची. तो प्रसंग त्या दुपारी झाला नाही, तर चित्रपट अर्धवट राहणार होता. दोन वर्षांचे रविवार मातीत जाणार होते.

गुरुजी सोवळे नेसून, पंचांग पाहून, अक्षता घेऊन आले. पाटाशी उभे राहून त्यांनी विचारले, "वधूचे मामा कुठे आहेत?"

क्षिप्रा हसली. "गुरुजी, मामा नाशिकला असतो."

"मग तुला बोहल्यावर कोण आणणार? आणि गोत्र काय?"

सौमित्रचा चेहरा उतरला. "गुरुजी, शूटिंग आहे. खरं लग्न नाहीये."

"फोनवर तू काय म्हणालास? 'गुरुजी, रविवारी माझं लग्न लावायचंय.' तुझेच शब्द ना?"

"म्हणजे सिनेमातलं."

"तो शब्द तू गिळलास. मी सकाळी तुझ्या वडिलांचं अभिनंदनसुद्धा करून बसलो."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. ते थंडपणे म्हणाले, "बाळ, घसरणं खोटं चालतं. सावधान खोटं म्हणता येत नाही. आणि या अंतरपाटाआड तर नाहीच नाही."

"आवाज आम्ही नंतर टाकतो," समीक्षा काकुळतीला आली. "तुम्ही फक्त ओठ हलवा ना."

"ओठ माझेच आहेत ना? ते हलले म्हणजे मीच म्हटलं."

दुसरा माणूस उभा करावा, तर साऱ्या चित्रपटात गुरुजी हेच होते. मागून तानाजी बोलले, "सौमित्रभाऊ, चारला पार्टी येनार. फुलं त्यांची हायेत. काय ते उरका लवकर, नायतर माझी वाट लागंल."

सौमित्र मांडवाच्या पायरीवर बसला आणि मला मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी पिळू लागला. धुतलेला कपडा पिळतात तसा. मी कोरडा होतो, तरी तो पिळतच राहिला. "संपलं," एवढेच तो म्हणाला. इतक्या लग्नांमध्ये मी उभा राहिलो, पण असे हात माझ्या वाट्याला कधी आले नव्हते. माझ्याच ख्यातीने त्याचा घात केला होता, आणि मला तोंड नव्हते.

तेवढ्यात गुरुदत्त दारात दिसले. मागे हेमा, सौमित्रची आई, नारायणपेठ नेसून, अंबाड्यात गजरा माळून. खरेच लग्न असले तर, या विचाराने ती नटून आली होती.

"आमच्या मुलाचं लग्न," गुरुदत्त कडाडले, "आणि ते आम्हाला गुरुजींकडून कळावं?"

"काका, कुणाचंच लग्न नाहीये," क्षिप्रा रडवेल्या आवाजात म्हणाली. "तोच तर प्रॉब्लेम आहे."

हेमाने सारे ऐकून घेतले. मग ती गुरुजींकडे वळली. "गुरुजी, साठीशांतीला तुम्ही नवराबायकोचं लग्न पुन्हा लावता ना? मंगलाष्टका म्हणता?"

"म्हणतो तर."

"ते खोटं असतं?"

"खोटं कसं असेल? लग्न झालेलंच असतं त्यांचं."

"मग आम्ही दोघं उभे राहतो, सिनेमात आमचंच लग्न दिसू दे. यांना याच महिन्यात साठ पूर्ण झाली."

"मी कॅमेऱ्यापुढे उभा राहणार नाही," गुरुदत्त म्हणाले. "तू मला यात ओढू नकोस."

हेमाने आवाज चढवला नाही. "आपल्या लग्नात याच अंतरपाटाआडून तुम्ही मला काय म्हणाला होतात?"

ते शब्द तिसऱ्या कुणाला ठाऊक असतील, तर मला. हेमा तेव्हा ठाण्याला हौशी रंगभूमीवर नावाजलेली होती. मंगलाष्टकांच्या गजरात नवरदेव माझ्याशी ओठ आणून पुटपुटले होते, "तुमचं नाटक सुटणार नाही. माझा शब्द." पुढे कुणी मनाई केली नाही. पण प्रत्येक तालमीच्या दिवशी घरात काहीतरी निघत गेले, आणि नाटक सुटले.

गुरुदत्तांनी चपला काढल्या आणि पाटावर जाऊन उभे राहिले.

मला धरायला माणसे नव्हती. एक टोक सौमित्रने धरले, दुसरे क्षिप्राने. गुरुजींनी मंगलाष्टका सुरू केल्या. "सावधान" झाले, मी बाजूला झालो, आणि हेमाने मान वर केली. विशीतली मुलगी अनोळखी पुरुषाला पहिल्यांदा पाहते, तशी तिने नवऱ्याकडे पाहिले. तो अभिनय होता आणि तो लखलखीत होता. गुरुदत्त हातातला हार विसरले.

पुढे सौमित्र आणि क्षिप्रा माझी घडी घालू लागले. घडी घालताना दोन टोके जवळ येतात, आणि ती धरणारी माणसेही. कॅमेरा चालूच होता. क्षिप्राने हलकेच विचारले, "आपलं कधी?" हे वाक्य तिला कुणी लिहून दिले नव्हते. चित्रपट तिथेच संपतो. नायकाच्या आईवडिलांच्या साठीशांतीत, खोटे लग्न न लावता. पुढे ठाण्यातल्या एका लहानशा सभागृहात तो दाखवला गेला, तेव्हा त्या वाक्याला लोक आधी हसले आणि मग गप्प झाले.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे काही माळ्यावर पडलेले असेल. ते खाली काढा, ऊन दाखवा, वापरा. वापरताना डाग पडला तर पडू द्या. ज्यांच्या हाती काही नसते, अशी माणसे त्यातून काय उभे करतील याचा नेम नसतो. आणि काढायला उशीर करू नका. माझी वीण घट्ट होती म्हणून मी टिकलो, सगळेच टिकत नाहीत.

आता त्या दुपारचे एक राहिले, ते सांगून थांबतो. माझी घडी झाल्यावर हेमा कॅमेऱ्याशी गेली आणि तिने समीक्षाला आपला प्रसंग दाखवायला लावला. ती कपाळाला आठी घालून म्हणाली, "मान वर करायला मला उशीर झाला. पुन्हा घेऊ या."

"आई, खूप मस्त झालंय," सौमित्र म्हणाला.

"मला नाही वाटत मस्त झालंय."

गुरुजी अक्षता आवरत होते. "हेमाताई, लग्न एकदा लागलं. पुन्हा पुन्हा कसं लावायचं?"

तेव्हा गुरुदत्तांनी खांद्यावरचे उपरणे नीट केले आणि स्वतःहून पाटावर जाऊन उभे राहिले. "गुरुजी, लग्न आमचंच आहे ना? मग ती म्हणेल तितक्यांदा म्हणा." त्यांनी माझी घडी स्वतः मोडली आणि एक टोक मुलाच्या हाती दिले. "तानाजी, दार लावून घ्या. हिचं समाधान झाल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

मंगलाष्टका पुन्हा सुरू झाल्या, आणि पुन्हा. दर वेळी हेमा काहीतरी निराळे करून पाही, आणि दर वेळी गुरुदत्त माझ्याआड निमूट उभे राहत. अखेरीस ती स्वतःच म्हणाली, "आता झालं." गुरुदत्तांनी तिला विचारले, "नक्की? काही राहिलं नाही ना?"

"नाही," हेमा म्हणाली. "काही राहिलं नाही."