टेस्ट नावाची खिडकी

बाटलीवर 'ताप' असं स्वतःच्या हातानं लिहिलेलं असलं, तरी झाकण उघडून वास घेतल्याशिवाय ती लेकीला चमचाभरही औषध द्यायची नाही.

"अगं, चिठ्ठी तूच लावलीस ना?" नवरा हसायचा.

"लावली मीच. नंतर आत कुणी काय ओतलं, ते चिठ्ठीला काय कळतंय?"

बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर परतली, तेव्हा हाच स्वभाव तिच्या आड आला. खऱ्या गिऱ्हाइकांची खरी माहिती जिथे असते तो लाइव्ह सर्व्हर रजेआधी तिच्याच हाती होता; टेस्ट सर्व्हरवर नुसती सरावाची खोटी माहिती. आता टीमचे प्रमुख, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, ते म्हणाले, "तू सध्या टेस्टवरच राहा. आजकाल फार घाबरतेस बाई तू. लाइव्हला घट्ट काळजाचा माणूस लागतो."

घट्ट काळजाचा माणूस म्हणजे वकील. शिकलेला कॉम्प्युटरच, पण वाद घालायची खोड अशी की नाव पडलं ते पडलंच.

तिला हे चांगलंच झोंबलं. लाइव्ह परत मिळवायचाच, एवढं तिनं मनाशी पक्कं केलं.

टीमचं सगळं काम एकाच सामायिक टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या पडद्यात, चाले. कुणी तिच्यासारखं घरून, कुणी ऑफिसातून त्याला जोडलेलं, आणि बोलायला दिवसभर कॉल चालू. एकानं अक्षर टाइप केलं की सगळ्यांच्या पडद्यावर उमटे. त्यात खिडक्या होत्या, आणि तळाच्या हिरव्या पट्टीवर त्या खिडक्यांची हातानं दिलेली नावं. नेमकं तेच तिला खुपायचं. खिडकीला एकदा 'टेस्ट' म्हटलं, की तिच्यातून माणूस कुठल्याही सर्व्हरवर जावो, नाव आपलं तेच. आणि दोन्ही सर्व्हर एका साच्यातले. पडद्यावर बघाल तर जुळे भाऊ.

मग लेक झोपली की ती पट्टी घडवायला बसू लागली. मास्तरांना विचारून दोन्ही सर्व्हरवर एकेक ओळ घालून घेतली. आता सर्व्हर आपलं नाव स्वतःच कळवणार आणि पट्टी त्यावरून रंग घेणार: लाइव्ह असेल तर लाल, एरवी हिरवी.

पहिल्याच सकाळी फजिती झाली. वकील लाइव्हवरून बाहेर पडला, तरी पट्टी लालच.

"अहो मॅडम, मी घरी आलो, पण तुमची पट्टी अजून रागावलेलीच!" कॉलवर हशा पिकला.

तिचे कान तापले. पण चूक सापडली: परतल्यावर आपल्या मशीननंही स्वतःचं नाव सांगायला हवं होतं. तिनं ते करून घेतलं आणि आत-बाहेर जाऊन पुन्हापुन्हा तपासलं.

जेवणानंतर मास्तरांनी 'टेस्ट' खिडकी उघडली. टेस्टवरची सगळी जुनी माहिती पुसून टाकायची होती. खिडकी समोर आली आणि पट्टी लालभडक झाली.

"मास्तर, थांबा! हा लाइव्ह आहे," ती ओरडली.

"अगं, सकाळचंच दुखणं हे. नाव वाच की, टेस्ट लिहिलंय." ते टाइप करतच राहिले.

"मॅडम, लांडगा आला रे आला!" वकील म्हणाला.

पुसायचा हुकूम पडद्यावर पुरा होत आला. कडेवर लेक केस ओढत होती. पुन्हा आपलीच पट्टी चुकली असेल तर? मग लाइव्हचं नाव काढायचीही सोय उरणार नाही. पण तपासली होती ना तिनं ती? तिनं हात पुढे केला आणि आपल्या कीबोर्डवरून मास्तरांची ओळ रद्द केली.

"ए, हे काय?"

तिनं सर्व्हरला त्याचं नाव विचारलं. पडद्यावर उत्तर आलं. लाइव्ह.

लेकीचं आं-ऊं तेवढं सगळ्यांना ऐकू जात होतं.

"मघाशी... या खिडकीतून मीच गेलो होतो आत. एक गोष्ट बघायला," वकील पुटपुटला. "निघायचं राहिलं."

"वकीलसाहेब, आता काही युक्तिवाद?" मास्तरांनी विचारलं. मग ते तिला म्हणाले, "माझं बोट एंटरवर होतं गं. सगळी गिऱ्हाइकं धुऊन गेली असती."

"मी घाबरते ना, मास्तर, म्हणून बघत होते," ती म्हणाली.

"मग घाबरत जा. आजपासून लाइव्ह तुझ्याकडे. आणि ही पट्टी प्रत्येक टीमला लावून दे. वकील तुझ्या हाताखाली शिकेल."

"शिकतो," वकील म्हणाला. वाद न घालता!

"आधी माझं अर्धवट काम पुरं कर," मास्तर म्हणाले. "मी हात लावत नाही आता."

ती लाइव्हवरून बाहेर पडली, टेस्टवर गेली. पट्टी हिरवीगार झाली. तरी तिनं सर्व्हरला एकदा नाव विचारलंच, आणि या वेळी कुणी हसलं नाही. लेकीला दुसऱ्या कडेवर घेऊन तिनं एका हातानं हुकूम टाइप केला, आणि एंटर असं दणकून दाबलं की पलीकडच्या खोलीतून नवरा ओरडला, "काय गं, काय पडलं?"

"काही नाही," ती मोठ्यानं म्हणाली. "लाइव्ह माझा झाला!"