मातीसकट रोप

कुंडलच्या बनुबाईंनी आयुष्यभर ऊस केला. नवी लागण असो की तोडणीनंतर फुटलेला खोडवा, बांधावरनं नुसतं बघून त्या पिकाचं दुखणं सांगत. नातीचं काम मात्र त्यांना चार वर्षं कळलं नव्हतं. कुणी विचारलं तर "कंप्युटरवर असती" म्हणायचं आणि विषय बदलायचा.

त्या दुपारी नातीचं, उत्कर्षाचं, ताट तसंच झाकून होतं.

"काय अडलंय गं?"

"आजी, आमच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या दोन शाखा हायेत. नवीत रोज बदल होतात. जुनीवर लोकांच्या मशिनी चालतात. एकाच वेळी चालणाऱ्या कामांत कुणी कुणासाठी थांबायचं, ते एक लायब्ररी, म्हंजी तयार कोडचा संच, ठरवती. तिच्यातली चूक मी नवीत दुरुस्त केली. तीच दुरुस्ती सकाळी जुनीसाठी पाठवली, तर तिथं कामं मधनंच एकमेकांसाठी अडून बसत्यात. शंभरात दोनदा. आज पाचला जुनीत बदल घेणं बंद हुणार."

"दोनदाच न्हवं? कोन बघतंय?"

"ज्याची मशीन अडंल तो."

बनुबाई गालात हसल्या. पोरगी घसरली नव्हती.

"लागणीतलं रोप खोडव्यातल्या मोकळ्या जागी नांग्या भराय नेलंस म्हन की. मातीसकट नेलंस का नुसतं उपटून? मी नवी सून हुते तवा उपटून लावली चाळीस रोपं. ती वाळली, तवा सासूनं सगळी माज्याकडनंच काढून घेतली, साऱ्या भावकीदेखत."

"ह्याला कुठली माती, आजी?" उत्कर्षा हसली आणि हसता हसता थांबली. नव्या शाखेतला इतिहास ती मागं मागं वाचत गेली. तिच्या दुरुस्तीच्या दोन महिने आधी दुसऱ्या कुणीतरी एक बारीक बदल केला होता. तिची दुरुस्ती त्याच्यावरच उभी होती, आणि जुनीत तो बदल नव्हताच.

तिनं दोन्ही बदल मिळून जुनीत घातले. हजारदा चालवून बघितलं. एकदाही अडलं नाही. पावणेपाचला तिनं सोबत काम करणाऱ्या सगळ्यांना पत्र लिहिलं.

"वाच की मोठ्यानं," बनुबाई म्हणाल्या.

"सकाळची माझी दुरुस्ती घेऊ नका. ती अपुरी होती, चूक माझी आहे. सोबत दोन्ही बदल जोडले आहेत. पहिला माझा नाही, त्यावर त्याच्या कर्त्याचंच नाव ठेवावं."

पाच वाजायला पाच मिनिटं असताना दोन्ही बदल जुन्या शाखेत गेले.

संध्याकाळी शेजारच्या राहीबाई विरजण मागायला आल्या. त्यांनी विचारलंही नव्हतं, तरी बनुबाईंनी त्यांना पाट दिला.

"बस. आमची उत्कर्षा काय करती, सांगते तुला."