डोळ्यांचा सराव

डॉक्टरबाईंनी खोलीतला दिवा मंद केला आणि आईच्या मांडीवरच्या धाकटीने पुन्हा डोळे गच्च मिटून घेतले. समोरचा पडदा लखकन उजळला, विझला. त्याखालच्या कॅमेऱ्याला पापण्यांखेरीज काही दिसलं नाही. धाकटी रडायला लागली.

तपासणी तशी साधी होती. प्रकाश पडला की डोळ्याची बाहुली किती आणि किती चटकन आकसते, एवढंच मोजायचं. ज्यांच्या मोठ्या भावंडाला ऑटिझम आहे अशा बाळांमध्ये त्यात काही वेगळं दिसतं का, याचा इथे अभ्यास चालला होता. एकेका बाळाबद्दल यावरून काहीच सांगता येणार नाही, असं डॉक्टरबाईंनी आधीच बजावलं होतं. आईबापांनी माना डोलावल्या आणि या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. थोरल्याचं उशिरा कळलं म्हणून त्यांनी लोकांची किती बोलणी खाल्ली होती. आता धाकटीच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नव्हतं. ती दहा महिन्यांची होती, आणि दोघांचा जीव टांगणीला लागला होता.

"घरीही अंधार झाला की असंच करते का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

चोराच्या मनात चांदणं. आईने धाकटीचं झबलं उगाचच खाली ओढलं.

"मी बॅटरीने बघते," ती म्हणाली. "दिवा घालवायचा आणि एकदम उजेड मारायचा. म्हटलं, थोडी सवय होईल. इथे चुकायला नको."

आता नवरा काय बोलतो, म्हणून ती खाली मान घालून बसली.

"मीही बघतो," तो म्हणाला. "मोबाईलने. तू आंघोळीला गेलीस की."

म्हणजे त्या एवढ्याशा जिवाला दोन दोन मास्तर लागले होते आणि एकाचा दुसऱ्याला पत्ता नव्हता. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. बाहुलीला कुणी शिकवू शकत नाही, पापणी मात्र लगेच शिकते, एवढंच म्हणाल्या आणि दिवा पुन्हा मोठा केला. आधी हिला शांत करू, असं म्हणून त्यांनी विचारलं, ही कशाने गप्प होते? कुठलं गाणं, कुठला खेळ?

दोघांनाही ते ठाऊक नव्हतं. इतके दिवस दोघंही डोळ्यांत तेल घालून बघत होते, पण तेवढ्या काळ्या ठिपक्याकडेच. आईला स्वतःची लाज वाटली.

शेवटी नवऱ्याने घरी बहिणीला फोन लावला. ते दोघं कामावर गेले की मुलांना तीच सांभाळायची.

"काय म्हणाल्या ताई?"

"थोरल्याजवळ बसवलं की लगेच गप्प होते म्हणे." त्याने फोन खिशात ठेवला. "तो गोल गोल फिरतो ना, ते बघून खदखदून हसते. आपण घरात नसलो की ताई रोज बसवते. तू रागावशील म्हणून बोलली नाही."

भावाचं बघून धाकटीही तसंच करायला लागेल, या धास्तीने दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवायचा नियम आईनेच केला होता. तिचा सूर इतका कडक होता, की घरात त्यावर कुणी ब्रही काढला नव्हता.

धाकटी अजून हुंदके देत होती. आईने पदराने तिचं नाक पुसलं आणि तिला खांद्यावर घेतलं.

"पुढच्या वेळी तिच्या दादाला आणलं तर चालेल?" तिने विचारलं.