घोटीव फरशी

"बाबा, चपला बाहेरच काढा. आत पाय सरकते," शीतल गोठ्यातून म्हणाली.

मोतीरामने पायरीवर चपला काढल्या आणि जपून आत पाऊल टाकलं. हा गोठा त्याने स्वतःच्या हाताने बांधला होता. आज सकाळी जावयाचा फोन आला, 'चांदणी पडली, उठून नाई राहिली,' आणि तो लोधीखेड्याहून मिळेल त्या गाडीने रामाकोन्याला निघून आला होता.

चांदणी मधोमध पडली होती. घरातली सगळ्यात दुधाळ गाय. मागचे पाय दोन बाजूंना गेलेले, मान एका अंगाला टाकलेली. शीतल तिच्या मानेशी बसून तिचा कान चोळत होती.

"कवा पडली?"

"पहाटे. मी दूध काढाले आली त ते उठून राहिली होती. मागचे पाय दोन्हीकडे गेले अन् बसलीच. तवापासून दोन-तीन खेपा झटली, पण पाय टिकतच नाई तिचे."

मोतीराम उकिडवा बसला. चांदणीच्या खुरांखाली फरशीवर शेणाचे लांब पट्टे उमटले होते. उठायला धडपडताना ती जिथे जिथे घसरली, तिथे तिथे. भिंतीकडे दुसऱ्या दोन गायी बांधलेल्या होत्या. दोघीही उभ्या. एकीचा गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता. आणि बाकी सगळ्या फरशीभर पोती अंथरलेली होती. फाटकी, ओली, एकमेकांना सुतळीने शिवलेली.

"हे पोते काऊन आथरले?" त्याने विचारलं.

पाण्याची बादली घेऊन आलेला सागर, तिचा नवरा, म्हणाला, "ते रोजच राहते, मामाजी."

शीतलने त्याच्याकडे पाहिलं, पण त्याच्या तोंडातून निघून गेलं होतं.

"तुमी येनार असले का ते उचलून ठेवते. आज टाइम नाई भेटला तिले," तो म्हणाला.

दीड वर्षापूर्वीपर्यंत इथे कुडाचा गोठा होता. पावसाळ्यात लेक घोट्याएवढ्या चिखलात उभी राहून दूध काढताना त्याने पाहिली आणि घरी जाऊन बायकोला, मालतीला, म्हणाला, 'आपल्या पोरीले पक्का गोठा बांधून देतो.' आयुष्यभर त्याने दुसऱ्यांची घरं बांधली होती. सौसरपासून पांढुर्ण्यापर्यंत फरशी घोटायची म्हटलं की लोक मोतीराम मिस्त्रीचं नाव घेत. लेकीच्या गोठ्यात त्याने दुसऱ्या कोणाला थापी धरू दिली नव्हती. सिमेंट आळेपर्यंत गुडघ्यांवर सरकत, पुन्हा पुन्हा लोखंडी थापी फिरवून त्याने फरशी अशी घोटली की दारातून येणारा उजेड मागच्या भिंतीपर्यंत चमकत जाई. शेजारीपाजारी बघायला आले होते. शीतल तेव्हा पदराने डोळे पुसत होती, ते त्याला आठवलं.

सागरने बोलावलेल्या गुरांच्या डॉक्टर आल्या. केतकी मॅडम, सौसरच्या दवाखान्यातल्या, तिशीच्या आतल्या. त्यांनी बाह्या वर करून चांदणीचे पाय, कंबर, पाठ बराच वेळ चाचपली, मागचा एक पाय धरून हळूहळू फिरवला, कान लावून ऐकलं. शिरेतून औषध दिलं. मागचे दोन्ही पाय पुन्हा फाकू नयेत म्हणून मऊ कापडाने थोडं अंतर ठेवून एकमेकांना बांधले.

"हाड मोडलेलं नाही," त्या म्हणाल्या. शीतलने सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला. "पण मांडीचे स्नायू ताणलेत. अशा कडक जागेवर पडून राहिली तर अंगाखालचा पाय बधिर होत जाईल, मग उठणार नाही. हिला मातीवर न्या. आजच. खाली भुसा-कुटार टाका, भरपूर. दर थोड्या वेळाने कूस बदला."

मग त्यांचं लक्ष दुसऱ्या गायींकडे गेलं. "या बसतात का?"

"कमीच," शीतल म्हणाली. "बसाले भेते. बसली का उठता येत नाई. रातभर उभ्याच राहते कधीकधी."

"दूध?"

शीतलने बापाकडे पाहणं टाळलं. "जुन्या गोठ्यात होत्या तवा जास्त होतं. इथं आल्यापासून हळूहळू उतरलं. कासेले सूज बी येऊन गेली दोनदा."

"उतरणारच. गाईने अर्धा दिवस तरी बसून रवंथ करायला पाहिजे. बसली की कासेत रक्त जास्त जातं, दूध तिथूनच येतं. ही उभीच राहते, वरून एका जागी बांधलेली." डॉक्टरांनी बोटाने फरशी चाचपली. "एवढी गुळगुळीत कुणी केली?"

सागर बादलीच्या कडीशी नुसताच चाळा करत राहिला.

"मी," मोतीराम म्हणाला. "मीच मिस्त्री होय."

डॉक्टर त्याच्या शेजारी बसल्या. "काका, माणसाच्या घरासाठी तुमचं काम एक नंबर आहे. गाईचं खूर वेगळं असतं. तिला पकडायला काहीतरी खरखरीत लागतं."

"हो," मोतीराम म्हणाला. "मी हे इचारलंच नाई कोनाले."

चांदणीला बाहेर काढायचं कसं, हा पेच होता. गोठ्याला जोतं होतं, दोन पायऱ्या होत्या आणि पुढे कंबरभर भिंत. दार एका गाईपुरतं. पडलेली गाय त्यातून निघणं शक्य नव्हतं. सागर इकडेतिकडे पाहत म्हणाला, "ही भिंत पाडा लागन. द्या तो घन, मी फोडतो."

"तुमाले जमन नाई, जवाईबुवा. इटा आत पडल्या त गाईले लागन. ते कुठून फुटते, मले ठाव हाय."

"बाबा, राहू द्या," शीतल म्हणाली. "दुसरं काई तरी करू."

"दुसरं काय करशील?"

त्याने भिंतीशी ठेवलेला घण उचलला. पहिला घाव त्याने कोपऱ्याच्या सांध्यात घातला, जिथे त्याने स्वतः विटांचं तोंड जुळवलं होतं. गिलाव्याच्या ढलप्या निघाल्या. भिंत मजबूत होती, लवकर हलेना. त्याला दम लागला, सागरने पाणी आणून दिलं, ते तो उभ्यानेच प्यायला आणि त्याने पुन्हा घण उचलला. एकही वीट त्याने आत पडू दिली नाही. फुटलेल्या विटा आणि मुरूम पायऱ्यांवर ओतून दोघांनी उतार केला. मग चांदणीला कुशीवर वळवून खाली ताडपत्री सारली. शेजारची चार माणसं आली. मोतीरामने तिचं डोकं धरलं, बाकीच्यांनी ताडपत्री ओढली, आणि गाय हळूहळू घसरत अंगणापलीकडच्या आंब्याखाली आली. तिथे शीतलने सोयाबीनचं कुटार गुडघाभर टाकून ठेवलं होतं.

चांदणीने नाक कुटारात खुपसलं आणि एक मोठा उसासा टाकला.

मोतीराम त्या रात्री घरी गेला नाही. मालतीचा फोन आला तेव्हा शीतलनेच तिला सगळं सांगितलं. मग फोन बापाकडे दिला.

"जेवले का?" मालतीने विचारलं.

"जेवतो."

"पोरीवर रागावू नका. तुमच्या जिवाले लागन म्हून नसन बोलली."

"मी काऊन रागावू तिच्यावर," मोतीराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चांदणीने पुढचे पाय दुमडले, मागची बाजू उचलली आणि परत बसली. शीतलचा चेहरा उतरला. पण खूर मातीत रुतले होते, घसरले नव्हते. मोतीरामने ते पाहिलं. "दम खाऊ दे तिले. उठन ते," तो म्हणाला. ऊन कलल्यावर तिने पुन्हा जोर केला. सागरने शेपटीच्या बुडाशी आधार दिला, मोतीरामने कमरेला खांदा लावला. गाय थरथरली, एका बाजूला झुकली, आणि उभी राहिली. गाईसकट चौघांपैकी कोणीच हललं नाही. मग तिने एक पाऊल टाकलं, थांबली आणि मुतली. शीतल हसायला लागली. हसता हसता तिला रडू फुटलं.

"बाबा, मी सांगाले पायजे होतं."

"सांगितलं असतं त मी आइकलं असतं का, हे मले नाई ठाव," मोतीराम म्हणाला. "जा, दुसऱ्या दोघींलेही सोड. बाहेर आन."

तो आठवडाभर राहिला. आंब्याभोवती लाकडी बल्ल्या रोवून त्याने मोकळं आवार केलं, त्यात पाण्याचं टाकं बांधलं, कडेला तुराट्यांची सावली घातली. गोठा फक्त दूध काढायला आणि मोठ्या पावसात ठेवायचा, असं ठरलं. तिथली फरशी त्याने छन्नीने खाचा पाडून खरबरीत केली. गायी दोरीशिवाय फिरू लागल्या. भर दुपारी तिघी पाय पसरून बसत, तोंडं हलवत. सुजलेला गुडघा ओसरला. महिन्याभराने शीतलने फोनवर सांगितलं की दूध जुन्या गोठ्यातल्याइतकं झालं, आणि चांदणी आता धावते बी.

दिवाळीनंतर तिगावला एका संत्रेवाल्या शेतकऱ्याने मोतीरामला गोठ्याच्या कामाला बोलावलं. मागे मोकळी जागा आहे का, हे त्याने आधी विचारलं आणि तिथे आवार आखून घेतलं. मग फरशी टाकली, लाकडी फळीने सपाट केली. मालक खुर्ची टाकून समोर बसला होता. थापी कधी फिरते याची तो वाट पाहत होता. मोतीरामने कोपऱ्यातला खराटा उचलला, पाण्यात बुडवून झटकला आणि ओल्या सिमेंटवर ओढला. सपाट फरशीवर बारीक रेघा उमटल्या.

"मिस्त्री, चांगली फरशी खराब काऊन करून राहिले? तुमच्या घोटाईसाठी त बोलावलं तुमाले."

"गाईसाठी हाय ना हे?"

"हो."

"मंग बराबर हाय."

मालक आणखी काही म्हणाला, पण मोतीरामने मान वर केली नाही. रेघेला रेघ लावत, पाठमोरा सरकत, तो दाराकडे येत राहिला.