पाती लावलेली घडीची खोली

मला गाडी म्हणावं तर इंजिन नाही, खोली म्हणावं तर पाया नाही. दोन चाकांवरची, पक्क्या भिंतींची, घडी होणारी खोली आहे मी. बोरी अरबच्या शिवारात मला सगळे ट्रेलर म्हणतात.

एका फाटलेल्या मांडीमुळे माझा जन्म झाला. एका हिवाळ्यात विमलताई हरभरा राखायला शेतात ताडपत्रीच्या तंबूत झोपल्या होत्या. पहाटे रानडुक्कर ताडपत्री फाडून आत शिरलं आणि त्यानं सुळ्यानं त्यांची मांडी उसवली. घरचे पोचले तेव्हा रक्तानं गोधडी जड झाली होती आणि थंडीनं बाईंचे ओठ निळे पडले होते. त्या वाचल्या. पण त्यांच्या सुनेनं, सुरभीनं ठरवलं, की या घरातलं कोणी आता कापडाखाली झोपणार नाही.

सुरभी लग्नाआधी यवतमाळला फर्निचरच्या कारखान्यात नकाशे काढायची. जुन्या जीपच्या आसावर तिनं मला उभं केलं. घडताना मी मार खूप खाल्ला. ग्राइंडरनं अंगातून ठिणग्या उडवल्या, ड्रिलनं हाडं भोसकली. पत्रा आणि प्लायवूड यांच्या मधे तिनं थर्माकोल भरला, सांध्यांना ट्रॅक्टरच्या ट्यूबच्या पट्ट्या लावल्या, म्हणजे वारा शिरणार नाही. खाली ट्रॉलीसारखा गुडघाभर उंच काठांचा हौदा, वर छप्पर. तीन भिंती दुमडून हौद्यात निजायच्या. चौथी, शेताकडची, छपराला बिजागऱ्यांनी टांगलेली. पानटपरीच्या फळीसारखी ती वर उचलून दांड्यावर टेकवली की कोवळं ऊन थेट आत यायचं.

सासरे रामराव म्हणाले, राखणीला एवढा थाट कायले? पण माझ्यात पहिल्यांदा झोपताना विमलताईंनी उबेमुळे अंगावरची एक गोधडी काढून उशाला ठेवली. तेवढ्यानं मी धन्य झाले.

त्याच महिन्यात ते झालं. तांबडं फुटलं होतं. भिंत वर टेकवून विमलताई आत हौद्यात स्टोव्हवर चहा ठेवत होत्या. सुरभी बाहेर दांड्याजवळ केस विंचरत होती. तुरीतून एक नर डुक्कर सुसाट आला. त्यानं पुढचे पाय हौद्याच्या काठावर टाकले आणि मुंडकं आत घातलं. विमलताई मागच्या भिंतीला चिकटल्या. सुरभीनं दांडा ओढला.

माझीच भिंत माझ्याच काठावर आदळली, आणि मधे त्याची मान होती. सुरभी सगळा भार घालून भिंतीला रेटत राहिली. तो लवकर मेला नाही. मागच्या पायांनी त्यानं माती उकरली, सुळ्यांनी माझं प्लायवूड सोललं. त्याचं गरम रक्त माझ्या सांध्यांत उतरलं. शेवटी तो ढिला पडला, तेव्हा सुरभी भिंत सोडून खाली बसली.

गाव बघायला लोटलं. सगळ्यांनी तिची तारीफ केली. रामराव मात्र माझ्या भिंतीकडे बघत होते. बायकोची ती मांडी त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. पुढच्याच आठवड्यात त्यांनी वखराच्या जुन्या पासेचे, म्हणजे लोखंडी पात्याचे, तुकडे पाजळून घेतले आणि माझ्या भिंतीच्या खालच्या कडेला वेल्डिंगनं बसवले. दांड्याला दोरी बांधून हौद्याच्या काठाशी आडवी ताणली, धक्का लागला की भिंत सुटावी म्हणून. हौद्यात मक्याची कणसं टाकली.

सुरभीनं विरोध केला. "मामाजी, आई झोपते इथं. ही खोली आहे."

"झोपणं उन्हाळ्यात," रामराव म्हणाले. "आता हे मारून राह्यली ना, मारू दे."

मी मारत गेले. एक डुकरीण दोन तुकडे होऊन पडली, तिची पिल्लं दिवसभर माझ्या चाकांभोवती फिरत होती. शेजारच्या शेतातल्या मारोतरावांचं वासरू कणसांच्या वासानं आलं, तेही गेलं. त्यावरून बांधावर काठ्या चालल्या, मारोतरावांचं डोकं फुटलं. विमलताईंनी शेतात यायचं सोडलं. रात्ररात्र त्या घरात जाग्या राहतात, असं सुरभी कोणाला तरी सांगत होती.

मग थंडीच्या ऐन कडाक्यात, सकाळी, रामराव कणसं बदलायला हौद्यात वाकले. त्यांचंच धोतर दोरीत अडकलं. भिंत सुटली. त्यांचा उजवा हात कोपराखाली पात्यांत सापडला.

सुरभी आणि तिचा नवरा रजत धावत आले. भिंत उचलताना पाती हाडातून निघेनात; शेवटी जोर लावून त्यांनी हात सोडवला. रजत रडत होता. सुरभीनं ओढणीनं दंड करकचून आवळला. रामराव गारठून कुडकुडत होते, दात वाजत होते. जीप मिळायला वेळ लागला असता. सुरभीनं त्यांना माझ्यातच निजवलं, चारी भिंती लावल्या, स्वतः शेजारी बसली. रजतनं मला ट्रॅक्टरला जोडलं आणि दारव्ह्याच्या दवाखान्याचा रस्ता धरला.

मी खड्ड्यांतून आदळत होते, तरी एकही सांधा उघडू दिला नाही. बाहेर वारा पत्र्याला कापत होता. अर्ध्या वाटेत रामरावांचे दात वाजायचे थांबले. सुरभी घाबरून त्यांच्यावर वाकली.

"सुरभी," ते हळू म्हणाले, "मले थंडी नाही वाजून राह्यली. चांगली बांधली वं तू."

तिनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

हात गेला, रामराव राहिले. घरी आल्यावर त्यांनी पहिलं काम सांगितलं ते पाती कापायचं. ग्राइंडर सुरभीनं चालवला, आणि ते डाव्या हातानं भिंत धरून उभे राहिले.

वेल्डिंगचे डाग अजून माझ्या कडेला आहेत. सोललेल्या प्लायवूडमधून पहाटे थोडा वारा येतो. कालपासून विमलताई पुन्हा माझ्यात झोपू लागल्या आहेत. हरभरा डुकरं थोडा खातातच. कोणी माझ्यासारखी बांधायची म्हणून बघायला आलंच, तर खुशाल बांधा. भिंती जाड ठेवा, सांधे घट्ट ठेवा. फक्त आत कोणीतरी झोपणार आहे, एवढं मनात धरून बांधा.