हंबरडा

"एसेनकुल बायके, हा दुखवटा पेपरात जाणार नाही." वडीलधाऱ्या पुरुषाला 'बायके' म्हणायची रीत पाळून मिर्लानने कागद परत सरकवला.

"अरे, कुबात संपादक होता इथला. तू बसलायस त्याच खुर्चीत बसायचा तो!"

"म्हणूनच."

जिल्ह्याच्या या वर्तमानपत्रात एसेनकुलने जन्मभर दुखवट्याचं पान सांभाळलं. माणूस गेला की घरच्यांच्या नावे पेपरात दुखवटा यायलाच हवा. नाही आला तर मेल्यालाही कमीपणा. मेंढपाळ असो की आमदार, एसेनकुलने कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

कुबातने खाणीचं विषारी पाणी नदीत कसं सोडतात ते छापलं. खाण परदेशी कंपनीची. मग कुणीतरी शोधून काढलं, कुबात एकदा परदेशी संस्थेच्या खर्चाने पत्रकारांच्या शिबिराला गेला होता. झाला परदेशी हस्तक! पकडून नेला, आणि काल कोठडीतून त्याचं प्रेत घरी आलं. आता पेपरचा कागद, शाई, मिर्लानचा पगार, सगळं त्याच खाणीकडून येतं. पण तो म्हणे विकास. हसावं की रडावं?

"नाव गाळू या," एसेनकुल अजिजीने म्हणाला. "त्याच्या आईचं, 'बुबुसारा अपांना पुत्रशोक', एवढंच छाप."

"आणि तो पुत्र कोण, ते गावाला कळणार नाही होय? बायके, तुमची नात खाणीच्या दवाखान्यात नर्स आहे ना? चांगली पोर आहे." मिर्लानचा आवाज अगदी मायेचा होता. "मातीला जाऊन या ना, कोण अडवतंय? फक्त तिथे तमाशा नको."

तमाशा म्हणजे काय ते एसेनकुलला बरोबर कळलं. मयताच्या घरी पुरुषाने दुरूनच हंबरडा फोडत यायचं असतं. बायका तंबूत प्रेताजवळ, दाराकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून शोक गात बसतात. कोण आलं ते त्यांना आवाजावरूनच कळतं. मुकाट येतो तो परका.

'पेपर तुझा असेल मेल्या, तोंड तर माझं आहे,' एसेनकुल वाटभर मनात घोकत राहिला. कुबातचं नाव घेऊन असं ओरडायचं, की खाणीपर्यंत ऐकू जावं.

कुबातच्या अंगणात लोकरीच्या नमद्याचा तंबू उभारला होता. फाटकाशी दोन अनोळखी तरुण मोबाइल उंच धरून येणाऱ्या प्रत्येकाचं चित्रण करत होते. फाटकाच्या आत, तंबूबाहेर पुरुषांची रांग काठ्यांवर रेलून उभी होती. शाळामास्तर, कसाई, कुबातचे चुलतभाऊ. सगळ्यांच्या माना खाली, सगळ्यांची तोंडं बंद.

एसेनकुलने रीतीप्रमाणे कमरेवर हात ठेवले, छाती भरून श्वास घेतला. मोबाइल त्याच्याकडे वळला. पांढऱ्या कपड्यातली नात त्याच्या डोळ्यांपुढे आली, आणि घशातला आवाज घशातच राहिला. त्याने तोंड मिटलं, मास्तरांचा हात हातात घेतला आणि मुकाट्याने रांगेच्या टोकाला जाऊन उभा राहिला. त्याला स्वतःची किळस आली. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तंबूतलं गाणं थांबलं. बुबुसारा अपांचा थकलेला आवाज बाहेर आला.

"सूनबाई, दुपार झाली ना गं? माझ्या कुबातसाठी अजून एकही माणूस कसा आला नाही?"

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती.